पंख्याला त्र्याऐंशी

कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करून मी खोलीत परत आले, तेव्हा टेबलावर उताण्या पडलेल्या माझ्या मोबाइलच्या पडद्यावर हिरवं वर्तुळ उमटलेलं होतं. वर्तुळात आकडा होता, त्र्याऐंशी. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘छान! तुमचा उच्चार स्पष्ट आणि ओघवता आहे.’

खोलीत कुणीही नव्हतं.

मी माइकचं बटण दाबलं होतं, पडद्यावरचं इंग्रजी वाक्य वाचायला तोंड उघडणार तोच बाहेरून हाक आली होती, आणि मी तशीच उठून गेले होते. त्या वीस सेकंदांत खोलीत एकच आवाज होता. डोक्यावरचा जुना पंखा नेहमीसारखा घरघरत होता.

आधी मला हसू आलं. मग मी दार लावून घेतलं, पुन्हा बटण दाबलं आणि गप्प उभी राहिले. एक्याऐंशी. पुन्हा केलं. चौऱ्याऐंशी. पंखा बंद केला, तर ‘आवाज ऐकू आला नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ मोरीतला नळ सोडून मोबाइल त्याच्याजवळ धरला. एकोणऐंशी. बेचा पाढा धडाधड म्हणून टाकला. अठ्ठ्याऐंशी. शेवटी तेच इंग्रजी वाक्य मी नीट, शब्द सुटे करत, स्वल्पविरामाला थांबत वाचलं. एकसष्ट. वर्तुळ नारिंगी झालं. ‘ओघ वाढवा. मध्ये थांबू नका.’

एकेक निकाल मी वहीत लिहीत होते; सात ओळी झाल्या. बुधवार होता, दुपारचे चार वाजत आले होते. शुक्रवारी तीन वाजता एस्तेर सिस्टरचा इंटरव्ह्यू होता.

ही सहा वर्षांपूर्वीची, मिरजेतली गोष्ट. ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन मी सहा महिने घरी बसले होते. नर्सेसना परदेशातल्या नोकरीसाठी तयार करणाऱ्या एका ट्रस्टच्या केंद्रात मला काम मिळालं. इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइट्स तपासायच्या आणि एक निवडून द्यायची. ड्युट्या दर आठवड्याला बदलणाऱ्या बायकांना ठरावीक वेळी वर्गाला बसता येत नसे, म्हणून हा ऑनलाइनचा मार्ग. मी पाच साइट्स घेतल्या, त्यांना एक ते पाच क्रमांक दिले आणि शंभर गुणांचा तक्ता केला. धडे कसे आहेत, मराठीतून समजावतात का, साध्या मोबाइलवर चालतात का, आणि सगळ्यांत जास्त, तीस गुण, बोलणं तपासतात का.

चार नंबरची साइट बोलणं तपासत होती. मी स्वतः बारा वाक्यं वाचली, नव्वदीच्या आसपास गुण मिळाले. इंग्रजीला घाबरणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तीच वाक्यं वाचायला लावली. ती अडखळत, थांबत वाचत गेली आणि तिला साठ-पासष्ट मिळाले. चांगलीला जास्त, कच्चीला कमी. मला वाटलं, झाली तपासणी. मी साइटला तीसपैकी अठ्ठावीस दिले.

प्रयोगशाळेत आम्ही कुठलीही मोजणी करण्याआधी एक कोरी चाचणी करायचो. ज्यात काहीच मिसळलेलं नाही असं नुसतं पाणी घ्यायचं आणि उपकरण काय दाखवतंय ते बघायचं. पाच वर्षांत ती मी एकदाही चुकवली नव्हती. इथे मला ती सुचलीच नाही, कारण इथे काचेची भांडी नव्हती.

माझा अहवाल छापला गेला. ट्रस्टने तो सातारा, सोलापूर, बेळगाव आणि कोल्हापूरच्या केंद्रांना पाठवला. आमच्याकडच्या नऊ सिस्टर डिसेंबरच्या मध्यापासून चार नंबरच्या साइटवर बसू लागल्या. त्यांत सगळ्यांत नेमाने बसायची ती एस्तेर भोरे.

एस्तेर सिस्टर मिरजेतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होती. वय एकोणचाळीस, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. माझं नाव शलाका, पण तिने ते एकदाही घेतलं नाही.

“ए केमिस्ट्री, हे बघ! ब्याण्णव!” ती दारातूनच मोबाइल नाचवायची. “आमच्या शाळेच्या बाईंनी बघायला पाहिजे होतं. म्हणायच्या, भोऱ्याच्या एस्तेरला इंग्रजीत नुसतं आमेन येतं.”

“तुम्हाला जायचंय कशाला हो एवढं?” मी एकदा विचारलं होतं.

“मी शिकवलेल्या अकरा पोरी तिकडं हायत. सुई कशी धरायची ते माझ्या हाताखाली शिकल्या त्या. आता व्हिडिओ कॉल करून मला बर्फ दाखवतात. म्हणतात, सिस्टर, तुम्ही का नाही आला? अगं, मला कुणी विचारलंच नाही तेव्हा. एकदा जाऊन बघते तरी, काय हाय एवढं तिथं.”

आयर्लंडमधल्या ज्या हॉस्पिटलसाठी हा इंटरव्ह्यू होता, त्यांच्या भरतीत वयाची मर्यादा चाळीस होती. मे महिन्यात एस्तेर सिस्टरला चाळीस पूर्ण होणार होती. पुढची फेरी सप्टेंबरात. म्हणजे तिच्यासाठी हा शुक्रवार एकदाच येणार होता.

मी वही घेऊन आरवाडे मॅडमच्या खोलीत गेले. सुनंदा आरवाडे केंद्राच्या संचालिका. त्या आधी तीस वर्षं नर्सिंगमध्ये होत्या, मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे खुर्चीत टेकून बसायची माझी छाती होत नसे.

मी त्यांच्या टेबलावर मोबाइल ठेवला, बटण दाबलं आणि त्यांच्या खोलीतल्या पंख्याकडे बोट केलं. वीस सेकंद आम्ही दोघी गप्प. पंचाऐंशी.

“माझा पंखा तुझ्या पंख्यापेक्षा हुशार दिसतोय,” त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. “कुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही. आधी तुम्हाला.”

“म्हणजे ही साइट बोलणं तपासतच नाही.”

“सलग आवाज किती वेळ चालला, एवढंच मोजते बहुतेक. शब्द कुठले, ते तिला कळत नाही. थांबलं की गुण कापते.”

“आणि हे तुला मार्चमध्ये कळलं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ऐक. शुक्रवारी चार वाजेपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये.”

“मॅडम, एस्तेर सिस्टरना तरी...”

“तिलाच नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला कुणी जाऊन सांगतं का, की सर्जनचा हात थरथरतो म्हणून? पुढची तारीख असती तर गोष्ट वेगळी. तारीख नाहीये. दोन दिवसांत ती नवीन इंग्रजी शिकणार आहे का? नाही. आपल्याला बोलता येतं असं तिला वाटतंय, तेवढं एक तिच्याजवळ आहे. तेही तू काढून घेणार, आणि बदल्यात देणार काय? तुझ्या मनावरचं ओझं?”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या, म्हणूनच मला तिथून हलता येईना.

“नुसतं निरुपयोगी असेल तर नाही सांगत,” मी शेवटी म्हणाले. “पण निरुपयोगी आहे की आणखी काही, ते आधी बघते.”

“बघ. बोलू नकोस.”

नोंदणीच्या पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक सिस्टरचं एक रेकॉर्डिंग करून ठेवत असू. ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला त्या हँडओव्हर म्हणतात. तोच एका काल्पनिक पेशंटचा, इंग्रजीतून. नाव, वय, खाट, ताप, रक्तदाब, कुठलं औषध, किती, केव्हा, अशा बरोबर वीस बाबी. एस्तेर सिस्टरचं डिसेंबरातलं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मागच्या आठवड्यात सराव म्हणून केलेलं दुसरंही होतं. पेशंट वेगळा, बाबी वीसच.

जिन्सी ही केरळहून चारच महिन्यांपूर्वी मिरजेत आलेली, माझ्या ओळखीची नर्स. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता, आणि एस्तेर सिस्टरला ती ओळखत नव्हती. मला असाच कान हवा होता. संध्याकाळी सहाला तिच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी तिला कागद दिला. बाई कोण, रेकॉर्डिंग कधीचं, काही सांगितलं नाही. आधी कुठलं लावायचं तेही मी नाणं उडवून ठरवलं. एकदाच ऐकायचं आणि कळेल ते लिहायचं.

पहिलं संपल्यावर जिन्सीने पेन टेकवलं. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं.

“ही श्वास घेते की नाही?” ती म्हणाली. “रक्तदाब कुठे संपला आणि नाडी कुठे सुरू झाली, पत्ताच नाही.”

वीसपैकी आठ.

दुसरं लागलं. जिन्सी लिहीत राहिली. मधे दोनदा तिने मान हलवली. वीसपैकी पंधरा.

“दोन्ही एकाच बाईची आहेत,” मी म्हणाले. “मधे तीन महिने गेलेत.”

जिन्सीचे डोळे मोठे झाले. “तीन महिन्यांत एवढी सुधारली? कुठल्या साइटवर शिकली? मलाही लिंक पाठव ना.”

आठ गुण मार्चचे होते. पंधरा डिसेंबरचे.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि तिला लिंक नंतर पाठवते असं काहीतरी म्हणाले. घरी येईपर्यंत सगळं लख्ख कळलं होतं. साइटने एस्तेर सिस्टरला शिकवलं होतं, आणि चांगलंच शिकवलं होतं. थांबू नका. रोज चाळीस मिनिटं, तीन महिने. जिथे थांबायला हवं तिथे थांबलं की नारिंगी, दामटून पुढे गेलं की हिरवं. आणि हे तिला हातात आणून देणारी मी होते.

गुरुवारी दुपारी दोनला तिची ड्युटी संपायची. मी पावणेदोनला वॉर्डाच्या दारात उभी राहिले. तिने मला पाहिलं आणि बोटाने थांब म्हणून खूण केली. हँडओव्हर चालू होता. दुपारच्या पाळीची एक तरुण सिस्टर वही घेऊन तिच्यामागून खाटेखाटेने फिरत होती.

“खाट सहा. पाटील आजोबा,” एस्तेर सिस्टर म्हणाली, आणि थांबली.

“सहा, पाटील,” पोरगी म्हणाली.

“साखर सकाळी तीनशे दहा.” थांबली.

“तीनशे दहा.”

“इन्सुलिन बारा युनिट, साडेअकराला दिलं.”

“बारा, साडेअकरा.”

“जेवले निम्मंच. लक्ष ठेव. गोड बोलून केळं मागतील, देऊ नको.”

“सिस्टर, मी बरा मागीन!” खाटेवरचे आजोबा म्हणाले.

“तुम्ही काल नातीकडून पेढा मागवला होता. गप पडा.”

अख्खा वॉर्ड हसला. मी भिंतीला टेकून उभी होते. कुठे थांबावं हे या बाईइतकं कुणाला कळत नसेल, असं मला वाटलं.

हात धुऊन ती बाहेर आली. “काय गं केमिस्ट्री, तोंड असं का? नापास झाल्यासारखं?”

“सिस्टर, बसूया का कुठेतरी?”

“बसायला लावणारी बातमी उभ्यानं सांगावी. बोल.”

मी सांगितलं. पंखा, नळ, बेचा पाढा, सगळं, आकड्यांसकट. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, फक्त पुसून झालेले हात ती परत पुसत राहिली.

“आरवाडे मॅडमना माहीत आहे?”

“हो. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं.”

“त्यांच्या जागी मी पण तेच म्हटलं असतं.” ती म्हणाली. “म्हणजे माझे ते ब्याण्णव?”

“त्यांना अर्थ नाही.”

“अर्थ नाही. आणि मी चर्चमध्ये, मंडळीत सांगून आले रविवारी. पाळक साहेबांनी प्रार्थना केली माझ्यासाठी, समद्यांच्या समोर.” तिचा आवाज चढला, मग वॉर्डाकडे बघून तिने तो खाली आणला. “तू शिकलेली मुलगी ना गं? तपासायचंच काम होतं ना तुझं? का आम्ही नर्सा म्हणजे... जाऊ दे. तीन महिन्यांत मी काहीच शिकले नाही असं म्हणायचंय तुला?”

इथे मला सांगायला हवं होतं. कागद पर्समध्ये होते. आठ आणि पंधरा.

“काहीच मोजलं गेलं नाही,” मी म्हणाले.

मी स्वतःला समजावलं, की तो आकडा शुक्रवारी तिच्या काही उपयोगाचा नाही. आदल्या दिवशी आरवाडे मॅडमनी मला जे सांगितलं होतं, शब्द न् शब्द तेच मी स्वतःला सांगत होते.

एस्तेर सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसली. मग पदराने नाही, हाताच्या मागच्या बाजूने तिने चेहरा पुसला.

“उद्या तीनला काय करायचं ते सांग. रडायचं नंतर बघू.”

“आत्ता इथे हँडओव्हर दिलात ना, तसाच द्यायचा. इंग्रजीत. प्रत्येक गोष्टीनंतर थांबायचं. समोरची काही म्हणो न म्हणो, ती तुमच्या मनात ‘बारा, साडेअकरा’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ते एवढंच नव्हतं. त्याच दुपारी केंद्राच्या एका खोलीत ती, दुसऱ्या खोलीत कानाला फोन लावून जिन्सी, आणि मधे कागद तपासणारी मी. पहिल्या खेपेला नऊ. चार वाक्यं ती थांबत बोलायची, पाचव्याला जीभ सुटायची आणि मग थेट शेवटपर्यंत गाडी थांबायची नाही. “अगं, आतून कुणीतरी ढकलतंय,” ती म्हणाली. “थांबलं की वाटतं, आता नारिंगी होणार.”

दहा. नऊ. अकरा. पाचच्या सुमारास आरवाडे मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कागद खाली ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एस्तेर सिस्टरकडे पाहिलं, आणि मी काही बोलणार तोच त्या एस्तेर सिस्टरसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“माझ्याकडे बघून बोल, भोरे. मी नवीन पोरगी आहे, माझा पहिला दिवस आहे. मी चुकले तर पेशंट जाईल. बोल.”

बारा आले. शुक्रवारी सकाळी तेरा. त्यापुढे आकडा सरकला नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना मी लॅपटॉप जोडून दिला. उमेदवाराखेरीज खोलीत कुणी नसावं असा नियम होता. आरवाडे मॅडम आणि मी दाराबाहेर उभ्या राहिलो. दाराला काच होती आणि आवाज येत होता.

पलीकडे एक बाई आणि एक पुरुष होते. नाव, अनुभव, वॉर्ड. एस्तेर सिस्टर सावकाश बोलत होती, दोन्ही तळवे टेबलावर टेकवून. मग त्या बाईने विचारलं, की तुमच्या पेशंटला अचानक धाप लागली तर तुम्ही काय काय कराल? हे एस्तेर सिस्टरला झोपेतही येत होतं. तेच नडलं. दोन वाक्यं नीट झाली आणि मग ती सुटली. ऑक्सिजन, खाटेची उशाकडची बाजू, डॉक्टरांना फोन, सगळं एकमेकांवर आदळत गेलं. पडद्यावरची बाई भुवया आखडून पुढे झुकली. मी काचेवर हात ठेवला होता. काच माझ्या घामाने धुरकट झाली.

आणि एस्तेर सिस्टर वाक्याच्या मधोमध थांबली.

एक, दोन, तीन. मी मोजत होते. सहा. सात. आरवाडे मॅडमनी माझा दंड पकडला. “नेट गेलं का?”

“नाही.”

“हॅलो? सिस्टर, आमचा आवाज येतोय का?” पलीकडचा पुरुष इंग्रजीत विचारत होता.

“येतोय,” एस्तेर सिस्टर म्हणाली. “मी घाईत बोलले. पुन्हा सांगते.”

तिने पुन्हा सांगितलं. एक गोष्ट, थांबा. दुसरी गोष्ट, थांबा. मॅडमची बोटं माझ्या दंडावरून निघाली, पण त्यांचे वळ राहिले. नंतर त्या पुरुषाने औषधाचा एक हुकूम तोंडी दिला आणि तो परत म्हणून दाखवायला सांगितलं. तिला कळला नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हाही कळला नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मला समजलं नाही. समजल्याशिवाय मी हे औषध देणार नाही. कृपया लिहून दाखवा.”

बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

मंगळवारी मेल आली. आरवाडे मॅडमनी मला वाचायला दिली. वैद्यकीय ज्ञान, दहापैकी नऊ. पेशंटची सुरक्षितता, दहापैकी दहा. बोलणं, दहापैकी सहा. प्रत्येकात किमान सात आवश्यक. उमेदवाराला वर्षभराने, वयाच्या अटीत बसत असल्यास, पुन्हा अर्ज करता येईल.

त्या आठवड्यात मी आणखी एक मोजणी केली. मागच्या फेरीत आमच्या केंद्रातून निवड झालेल्या दोघींची पहिल्या दिवसाची रेकॉर्डिंगं जिन्सीला ऐकवली. त्या दोघी कुठल्याच साइटवर बसलेल्या नव्हत्या. एकीचे चौदा आले, दुसरीचे सोळा.

मग मी चारही केंद्रांना पत्र लिहायला घेतलं. माझा अहवाल मागे घेत आहे, चार नंबरची साइट बोलणं तपासत नाही, सबब ती निरुपयोगी आहे. खाली माझी सही. मसुदा आणि त्यासोबत सगळे आकडे आरवाडे मॅडमपुढे ठेवले. त्यांनी आकडे दोनदा वाचले. डिसेंबरचे पंधरा, मार्चचे आठ.

“हे तू मला सांगितलं नव्हतंस.”

“नाही.”

त्यांनी पेन घेतलं आणि ‘निरुपयोगी’ खोडून वर लिहिलं, ‘अपायकारक’.

“औषध लागू पडलं नाही आणि औषधाने अपाय झाला, वॉर्डात या दोन वेगळ्या नोंदी असतात,” त्या म्हणाल्या. “हे भोरेला माहीत आहे?”

“नाही.”

“मग तिच्याआधी बेळगावला कसं कळवतेस?”

मसुदा त्यांनी माझ्याकडे परत सरकवला.

एस्तेर सिस्टर त्या दुपारी वॉर्डाच्या मागच्या खोलीत चादरी मोजून कपाटात लावत होती. मला बघून ती हसली. इंटरव्ह्यूनंतर ती माझ्याशी वाईट वागली नव्हती. ते मला जास्त जड जात होतं.

“ये. धर ते टोक. दहाच्या घड्या करायच्यात.”

मी टोक धरलं. दोन चादरी झाल्या. तिसरीला मी म्हणाले, “सिस्टर, तुम्ही जिन्यात विचारलं होतंत, तीन महिन्यांत काहीच शिकले नाही का म्हणून. मी तेव्हा पूर्ण सांगितलं नाही.”

ती थांबली नाही. घडी घातली, चादर ठेवली. “मग आता सांग.”

मी डिसेंबरचे पंधरा आणि मार्चचे आठ सांगितले. जिन्सी कशी फसली, तेही सांगितलं. तिने विचारलं, “ते पहिल्या दिवसाचं आहे तुझ्याकडं?”

“आहे.”

“लाव.”

मी इअरफोन दिले. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि ऐकायला लागली. तीन मिनिटं दहा सेकंद. मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण ते रेकॉर्डिंग मला पाठ होतं. साधं, तुटक इंग्रजी. चुकीची क्रियापदं. खाट चार. थांबा. ताप एकशे दोन. थांबा. तिचे ओठ त्याबरोबर किंचित हलत होते. ती मला ओरडेल, मोबाइल फेकेल, असं काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं.

संपल्यावर तिने इअरफोन काढले.

“जिन्सीनं हिला किती दिले म्हणालीस?”

“पंधरा.”

“आणि ज्या दोघी गेल्या, त्यांना?”

“चौदा. सोळा.”

तिने मान हलवली. खिशातून स्पिरिटचा बोळा काढला, इअरफोनची दोन्ही टोकं एकेक करून पुसली, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

“ही पास झाली असती,” ती म्हणाली.

वॉर्डातून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. “आले,” म्हणत ती उठली. उरलेल्या सात चादरींच्या घड्या मी एकटीने घातल्या.